आल्कोच्या पोटात आवाज बसवताना

मिरज जंक्शनच्या आसपास ज्यांचं लहानपण गेलं त्यांना डब्ल्यूडीएम-२ या रेल्वेच्या डिझेल इंजिनाचा आवाज समजावून सांगावा लागत नाही. कोयना असो की महालक्ष्मी, पुण्याच्या पुढे डिझेलच लागायचं. फलाटाला उभं असताना ते कधी एका लयीत चाललंय असं व्हायचं नाही. गुडगुडत राहायचं, मध्येच एखादा ठोका गाळल्यासारखं करायचं. आता मार्गाचं विद्युतीकरण झालं आणि तो आवाज जवळपास गेलाच.

माझ्याकडे एचओ मापाचं, म्हणजे १:८७ प्रमाणातलं, १६.५ मिमी रुळांवर धावणारं, आल्को या अमेरिकन कंपनीच्या डिझेल इंजिनाचं एक जुनं मॉडेल आहे. मावसभावाने न्यू जर्सीत सेकंडहँड घेऊन पाठवलेलं, अमेरिकन रंगातलं. पण डब्ल्यूडीएम-२ तरी मूळची कुठली? पहिली इंजिनं १९६२ साली आल्कोकडूनच आली, १९६४ पासून वाराणसीत बनू लागली, आणि आत तेच २५१ मालिकेतलं १६ सिलिंडरचं, २६०० अश्वशक्तीचं डिझेल. अमेरिकन आल्को २५१ ची साउंड फाइल घेतली की आपल्या फलाटावरचा आवाज सांगलीत विश्रामबागच्या फ्लॅटमध्ये येणार, असा सरळ हिशोब होता. इंजिनाच्या धडधडीपुरता तो बरोबरही निघाला.

मॉडेल साध्या डीसीचं होतं. रुळांतून जितके व्होल्ट तितका वेग, आणि दिवेही त्याच वीजेवर. आवाजासाठी मला डीसीसी हवी होती, म्हणजे रुळांतूनच डिजिटल निरोप पाठवून इंजिन चालवायची पद्धत. तिच्यात रुळांवर सतत चौदा-पंधरा व्होल्ट असतात आणि त्यांची दिशा सारखी उलटसुलट होत असते. अर्धी लाट ५८ मायक्रोसेकंदांची असेल तर ती १, १०० किंवा त्याहून मोठी असेल तर ०. इंजिनातला डीकोडर हा निरोप वाचतो आणि मोटर, दिवे, आवाज सगळं स्वतः चालवतो. नव्या मॉडेलमध्ये त्यासाठी ८ किंवा २१ पिनचं सॉकेट तयार असतं. माझ्यात काहीच नव्हतं, त्यामुळे एकेक वायर सोल्डर करण्यावाचून इलाज नव्हता.

डीकोडर घेतला ईएसयू या जर्मन कंपनीचा लोकसाउंड ५. साधारण दहा हजारांच्या घरात जातो, वर कस्टम ड्युटी. घरी सांगताना मी ड्युटी वगळली. कंट्रोलरवर मात्र पैसे घालवले नाहीत. डीसीसी-ईएक्स नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, ते आर्दुइनो मेगा हा छोटा संगणकी बोर्ड आणि त्यावर बसणारं मोटर शील्ड यांवर चालतं. सोबत वायफायचा एक छोटा बोर्ड लावला की मोबाइलच थ्रॉटल, म्हणजे वेगाचा दांडा, होतो. ज्याला सोल्डरिंगची भीती नाही त्याने याच वाटेने जावं असं माझं स्पष्ट मत आहे.

वायर जोडण्याआधी दोन गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली म्हणजे मोटर अडवल्यावर किती करंट ओढते. बारा व्होल्ट देऊन चाकं बोटाने घट्ट धरली, मल्टिमीटरवर एक अँपिअरच्या आतच काटा थांबला. डीकोडरची मर्यादा दीड अँपिअर, म्हणजे निर्धास्त. दुसरी जास्त महत्त्वाची. जुन्या मॉडेलमध्ये मोटरचा खालचा ब्रश सरळ धातूच्या चासीला टेकलेला असतो आणि चासी एका रुळाला जोडलेली. त्या स्थितीत डीसीसी दिली तर डीकोडर त्याच क्षणी जळतो. खालची पितळी पट्टी काढून तिथे वायर लावली, मोटरखाली कॅप्टॉनचा वीजरोधक टेप घातला, आणि दोन्ही ब्रशपासून चासीपर्यंत मीटर लावून पाहिला. बीप येता कामा नये. एकदा आला नाही म्हणून भागत नाही, स्क्रू आवळल्यावर पुन्हा बघायचं, कारण स्क्रूने टेप फाटतो.

रंगांचा घोळ नाही, ते ठरलेले आहेत. लाल आणि काळी रुळांकडून, केशरी आणि राखाडी मोटरला, पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या, आणि निळी म्हणजे दिव्यांचा सामाईक धन. जुने बल्ब काढून एलईडी लावले, प्रत्येकाला एक किलोओहमचा रेझिस्टर. पिवळट पांढरा एलईडी घ्यावा, निळसर पांढरा आल्कोच्या कपाळावर शोभत नाही.

खरी कसरत स्पीकरची. या इंजिनांत वजनासाठी ओतीव धातूचा ठोकळा असतो आणि स्पीकरला जागा करायची तर तोच कापावा लागतो. कुपवाड एमआयडीसीत ओळखीच्या वर्कशॉपमध्ये ठोकळा घेऊन गेलो. मिलिंगवाला म्हणाला, "हे खेळण्यातलं हाय व्हय?" आणि मग पार्टच्या ड्रॉइंगकडे बघावं तसा मन लावून त्याने मागच्या टोकाला खाच पाडून दिली. पैसे घेतले चहापुरते.

स्पीकर ११ × १५ मिमीचा, आठ ओहमचा. सोबतच्या डबीत बसवून लावला तर आवाज आला, पण पत्र्याचा. २५१ ची खालची गुडगुड कुठेच नाही. मिरजेत सतारमेकर गल्लीत वडिलांच्या ओळखीचे एक काका आहेत, तंबोरे करतात. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तीच गल्ली.) त्यांच्याकडे सहज उघडं इंजिन नेलं. त्यांनी कानाशी धरलं, अंगठ्याने डबीची कड दाबली आणि आवाज एकदम भरला.

"काका, हे कसं काय?"

"अरे, मागनं वारं गळतंय. मागचा आवाज पुढच्याला खातोय. भोपळ्याला चीर गेली की तंबोरा असाच बोंबलतो बघ."

शास्त्रही तेच सांगतं. पडदा पुढे सरकतो तेव्हा मागे दाब कमी होतो, आणि दोन्ही लाटा एकत्र आल्या की खालचे सूर एकमेकांना मारतात. मग एक मिलिमीटर प्लास्टिक शीटची, खाचेत मावेल तितकी खोल डबी केली, सांधे आतून चिकटवून घेतले, आणि स्पीकरच्या वायरी जिथून आत जातात त्या भोकावर सिलिकॉनचा थेंब सोडला. ते भोकच बहुतेकांचं उघडं राहतं. आता बोट फिरवून कुठेही दाबलं तरी आवाजात फरक पडत नाही.

प्रोग्रामिंगला फार वेळ लागला नाही, फक्त एक अडचण लक्षात ठेवण्यासारखी. वीज क्षणभर तुटली तरी आवाज थांबू नये म्हणून कपॅसिटरचा कीप-अलाइव्ह लावतात. तो लावलेला असला की प्रोग्रामिंग ट्रॅकवर, म्हणजे सेटिंगसाठी वेगळ्या ठेवलेल्या रुळावर, डीकोडर बऱ्याचदा वाचता येत नाही, कारण उत्तर म्हणून डीकोडर जो ६० मिलिअँपिअरचा छोटा झटका देतो तो कपॅसिटरच्या चार्जिंगमध्ये हरवतो. म्हणून आधी सगळं वाचून-लिहून घेतलं, कपॅसिटर शेवटी जोडला.

डीसीसीत प्रत्येक इंजिनाला एक नंबर, म्हणजे पत्ता, द्यावा लागतो. त्यासाठी इंजिनाचे शेवटचे चार आकडे घेतले. डब्ल्यूडीएम-२ चे नंबर पाच आकडी, डीसीसीत तेवढे बसत नाहीत. डीकोडरच्या सेटिंगच्या खणांना सीव्ही म्हणतात. सीव्ही २९ मध्ये ३४ लिहिलं: लांब पत्ता चालू, डीसीवर धावणं बंद. सीव्ही ५४ मध्ये शून्य टाकून थ्रॉटलवरचं एफ१ बटण दाबलं की इंजिन क्षणभर सुसाट पळतं आणि मोटरचं माप स्वतःच घेतं. समोर मोकळा रूळ हवा, टेबलाची कड नको. त्यानंतर ते इतक्या सावकाश सरकू लागलं की चाकाची एकेक फेरी मोजावी.

आता तक्रारीचं. अमेरिकन फाइलमध्ये एफ१ वर घंटा असते. आपल्या डिझेलला घंटा कुठली! पहिल्यांदा वाजली तेव्हा आई देवघरातून विचारत आली. घंटेचा आवाज शून्यावर नेला. हॉर्नही पाच सुरांचा, आपला तसा नसतो. फाइलमधल्या पर्यायी हॉर्नमधला त्यातल्या त्यात जवळचा निवडला, पण समाधान नाही. लोकप्रोग्रामर हे ईएसयूचं प्रोग्रामिंगचं यंत्र असेल तर स्वतःची रेकॉर्डिंग आत घालता येते, तो पुण्याच्या मित्राकडे आहे, आणि मिरजेच्या फलाटावर कधीतरी मोबाइलवर घेतलेला हॉर्न माझ्याकडे आहे. मागे चहावाला ओरडतोय तेवढा काढायचा आहे.

आवाजाची पातळी सीव्ही ६३ मध्ये असते. कारखान्यातून येते ती खोलीसाठी फार मोठी, मी निम्म्याच्याही खाली ठेवली आहे. पुढचं काम डब्ल्यूडीजी-४ या मालगाडीच्या डिझेलचं. त्याच्या आतलं ईएमडी कंपनीचं ७१० डिझेल दोन स्ट्रोकचं, त्यामुळे आल्कोची फाइल तिथे चालणार नाही, पण डबीचं माप तयार आहे.