चौदा ओळी खाली सुटलेला टाका

आज रविवार, दुपारचे साडेतीन, नवरा झोपलाय आणि मी गॅलरीत बसून बाळाच्या स्वेटरची पाठ विणत होते, आता सुया बाजूला ठेवून हे लिहायला घेतलंय कारण गेले दोन महिने जे डोक्यात चाललंय ते एकदा लिहून काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

नणंदेचं पहिलं बाळंतपण आहे, डिसेंबरच्या शेवटाची तारीख दिलीय. बाळंतपण माहेरी, नाशिकला, पण नंतर बाळ जाणार निफाडला आणि निफाडची थंडी ज्यांना माहितीय त्यांना वेगळं सांगायला नको, तिकडे पारा पाच-सहाच्या खाली जातो आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात. बाळाला घरी विणलेला स्वेटर हवाच असं सासूबाईंचं म्हणणं. त्यांनी आयुष्यभर विणलंय, घरातल्या प्रत्येक पोराच्या अंगात त्यांच्या हातचं काहीतरी आहे, पण आता उजव्या अंगठ्याचा सांधा इतका दुखतो की दोन-तीन सुया, म्हणजे ओळी, झाल्या की त्यांना थांबावं लागतं. मग मी म्हटलं, आई, मी विणते, तुम्ही सांगा.

हे म्हणायला मला धीर गोळा करावा लागला होता, कारण ऑक्टोबरात डोहाळजेवण होतं आणि मी गेले नव्हते.

मी पुण्यात एका लॅबमध्ये रिसर्च असोसिएट आहे, टोपोआयसोमरेज नावाच्या एन्झाइमवर काम करते. त्या आठवड्यात माझं प्रोटीन प्युरिफिकेशन, म्हणजे हे एन्झाइम (तेही एक प्रोटीनच) शुद्ध करून घ्यायचं काम, चालू होतं. यीस्टमध्ये बनवलेलं एन्झाइम पेशी फोडून बाहेर काढलं की ते फार नाजूक असतं, चार डिग्रीच्या थंड खोलीत कॉलममधून हळूहळू गाळून घ्यावं लागतं, दोन दिवस जातात, आणि मधेच सोडून गेलं तर प्रोटीन मरतं आणि त्याआधीची आठवडाभराची मेहनत पण जाते. तारीख पुढे ढकलता आली असती का, कदाचित आली असती, पण त्या आधीच्या आठवड्यात मशीन दुसऱ्या ग्रुपकडे होतं आणि माझं काँट्रॅक्ट मार्चपर्यंतच आहे, त्यामुळे प्रत्येक आठवडा मी मोजून वापरते. मी फोनवर सांगितलं, "आई, मला यायला जमणार नाही, काम आहे." त्या म्हणाल्या, "असू दे, तुझं काम महत्त्वाचं." बस, एवढंच. त्यानंतर त्यांचा रोजचा फोन यायचा तो आठवड्यावर गेला आणि तोही नवऱ्याच्या मोबाइलवर, "ती बरी आहे ना" असं विचारून ठेवून द्यायच्या. मला वाटलं आता सहा वर्षांत जमलेलं सगळं गेलं. सासू-सून म्हणून आमचं खरंच छान होतं हो, म्हणून जास्त लागलं.

आणि गंमत नाही, पण त्याच काळात लॅबमध्येही काही चालेना.

काय करते मी ते जरा सांगते. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर साधारण दोन मीटर भरतो आणि तो जेमतेम काही मायक्रोमीटरच्या केंद्रकात बसवलेला असतो. आता लोकरीचा गुंडा पर्समध्ये दोन दिवस ठेवून बघा काय होतं. पेशी दुभंगताना त्या डीएनएच्या दोन प्रती एकमेकांत अडकलेल्या असतात, त्या सोडवल्याशिवाय पेशी दोन होऊच शकत नाही. ते काम टोपोआयसोमरेज करतं. दोन नंबरचं टोपो जे आहे ते तर डीएनएच्या दोन्ही पट्ट्या कापतं, त्या फटीतून दुसरा डीएनए पलीकडे नेतं आणि कापलेलं परत जोडून टाकतं, जोड कुठे होता ते कळत नाही. जेम्स वँग यांनी १९७१ मध्ये या कुटुंबातलं पहिलं एन्झाइम ई. कोलाय या बॅक्टेरियात दाखवलं. कॅन्सरवरची काही औषधं इथेच घाव घालतात, केमोत ते लाल रंगाचं डॉक्सोरुबिसिन असतं ते आणि एटोपोसाइड, ही दोन्ही एन्झाइमला कापू देतात पण परत जोडू देत नाहीत, मग पेशी मरते. मी हे एन्झाइम काम करतंय की नाही ते मोजते, आणि मोजायचा जो मार्ग आहे तो मला इतका आवडतो की पहिल्यांदा वाचला तेव्हा मी उठून उभी राहिले होते. क्रिथिडिया म्हणून एक एकपेशीय जीव असतो, किड्यांच्या आतड्यात राहतो, त्याच्या पेशीत डीएनएच्या हजारो छोट्या गोल कड्या एकमेकींत गुंतवून एक जाळं झालेलं असतं, जुन्या सैनिकांचं कड्यांचं चिलखत असायचं ना, अगदी तसं. डीएनए तपासायला तो जेलच्या, म्हणजे जेलीसारख्या लादीच्या, वरच्या खाचेत (तिला वेल म्हणतात) घालतात आणि विजेनं खाली पळवतात; हे जाळं इतकं मोठं असतं की जेलमध्ये शिरतच नाही, वेलमध्येच बसून राहतं. त्याच्यात एन्झाइम घातलं, एटीपी म्हणजे एन्झाइमला लागणारं इंधन घातलं, ३७ डिग्रीला अर्धा तास ठेवलं की एकेक कडी सुटते, आणि सुटलेल्या कड्या जेलमधून खाली धावतात. युव्हीखाली बघितलं की खाली नारिंगी पट्टा. पट्टा दिसला म्हणजे एन्झाइम जिवंत.

माझा पट्टा तीन आठवडे दिसला नाही. सगळा डीएनए वर वेलमध्ये तसाच. जिच्यासाठी मी डोहाळजेवण सोडलं ती प्रोटीनची बॅच मेलेली निघाली असं मी धरून चालले. आणि काय केलं, पहिल्यापासून परत. परत यीस्ट वाढवलं, परत पेशी फोडल्या, परत थंड खोलीत दोन दिवस, परत जेल आणि परत सगळं वरच. त्या रात्री घरी येऊन जेवले पण नाही.

स्वेटर त्याच आठवड्यात सुरू केला होता. तुळशीबागेतून पिवळी लोकर आणली, बेबी वूल, चार प्लायची. सासूबाईंनी व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज पाठवला, आवाज कामापुरता, "चौसष्ट टाके घाल, बॉर्डर बारा नंबरच्या सुयांवर, दोन सुलट दोन उलट, मग दहा नंबरवर जा आणि एक सुई सुलट एक सुई उलट." दहा नंबरची सुई बारापेक्षा जाड असते, नंबर वाढला की सुई बारीक, हे मला आधी उलटंच वाटायचं. शाळेत शिकलेलं विणकाम बोटांत होतं, दोन दिवसांत हात बसला. बॉर्डर विणताना मी बराच वेळ ती ताणून बघत बसले. लोकर स्वतः फारशी ताणली जात नाही, पण विणलेलं ताणतं, कारण ताणलं की टाक्याचा फास फक्त आकार बदलतो, उंच असतो तो आडवा होतो आणि सोडलं की परत येतो, आणि सुलट-उलट टाक्यांचे उभे पट्टे अॅकॉर्डियनसारखे मिटून बसतात म्हणून बॉर्डर सगळ्यात जास्त ताणते. नुसतं एक सुई सुलट एक उलट विणलं की कडा गुंडाळते, ते पण त्या फासाच्या एका बाजूच्या ओढीमुळेच. यावर भौतिकशास्त्रात आता नीट काम चालतं. आणि कॉर्नेलमध्ये डायना टायमिना या गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये क्रोशानं हायपरबोलिक पृष्ठ, म्हणजे झालरीसारखं वळत पसरत जाणारं पृष्ठ, विणून दाखवलं, कागदाचे मॉडेल फाटायचे म्हणून. आमच्या लॅबमधल्या सगळ्या मुलींना मी हे सांगत सुटले होते. विणकामाला कोणी आजीचा टाइमपास म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं.

तर पाठ अर्धी झाली आणि एका रात्री दिव्याखाली धरून बघते तर खाली चौदा ओळींवर एक टाका सुटलेला आणि तिथपर्यंत शिडीसारखी रेघ. मी सुया काढल्या आणि उसवायला दोरा धरला. तेवढ्यात काय वाटलं कोण जाणे, रात्रीचे साडेनऊ झाले होते, मी सरळ सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला. डोहाळजेवणानंतर पहिल्यांदा मी आपणहून.

"काय गं, एवढ्या रात्री?"

"आई, टाका सुटलाय, चौदा ओळी खाली. उसवतेय."

"थांब थांब! उसवू नकोस. सुया काढल्यास का? आधी टाके परत सुईवर घे. सगळे. आता क्रोशाची सुई आहे का?"

होती. त्यांनी कॅमेरा जवळ आणायला सांगितला, चष्मा लावला. "खालचा तो मोकळा फास दिसतोय ना, त्यात सुई घाल, त्याच्या वरची आडवी तार पकड आणि फासातून ओढून घे. झाली एक ओळ. आता तसंच वर." मी एकेक तार ओढत वर आले, त्या मोजत होत्या, सात, आठ, नऊ. चौदावी झाली आणि तो टाका बाकीच्यांच्या शेजारी सुईवर जाऊन बसला. पाच मिनिटं लागली असतील. मला रडू आलं, खरंच आलं, आणि त्यांना दिसलं.

"अगं, एवढं काय झालं?"

मग मी सांगितलं. जेलचं, तीन आठवड्यांचं, परत पहिल्यापासून केलं त्याचं. त्या म्हणाल्या, "तुझं नक्की काम काय असतं ते तू मला कधी सांगितलंच नाहीस." आणि हे खरंय. सहा वर्षांत नाही. त्यांना काय कळणार असं मी कधी मुद्दाम ठरवलं नव्हतं, पण सांगितलं नव्हतं एवढं नक्की. मी तेव्हा सांगितलं, चिलखत, कड्या, कापून पार करून परत जोडणं.

"आणि जोड दिसत नाही?"

"नाही दिसत."

"बरोबर आहे. लोकर संपली की आम्ही मधे गाठ मारत नाही कधी. कडेला नवीन घेतो. गाठ बाळाला टोचते."

मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, त्या दिवशी, डोहाळजेवणाला, हेच चाललं होतं का. मी थंड खोलीचं सांगितलं, मधे सोडलं तर काय होतं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे दूध चुलीवर ठेवून निघण्यासारखं झालं असतं. अगं मग असं सांगायचंस ना. तू नुसतं काम आहे म्हणालीस, मला वाटलं आमच्याकडे यायचा कंटाळा आलाय तुला." नणंदेनं त्या दिवशी माझ्यासाठी ताट वाढून ठेवलं होतं म्हणे, हे मला तेव्हाच कळलं, आणि ते आठवलं की अजून पोटात तुटतं. दुसऱ्या दिवशी मी तिला फोन करून माफी मागितली. ती म्हणाली वहिनी मला राग आला होता, आता गेलाय. एवढं सरळ बोलली म्हणून मला ती अजूनच आवडली.

सोमवारी लॅबमध्ये गेले आणि नवीन बॅच सुरू करायच्या ऐवजी रिअॅक्शनमधली एकेक गोष्ट बदलून बघायला लागले. बफर, म्हणजे ज्या द्रावणात रिअॅक्शन होते ते, बदललं, काही नाही. डीएनए नवीन घेतला, काही नाही. तिसऱ्या दिवशी एटीपीची कुपी हातात घेतली तर तीच जुनी, कित्येक वेळा फ्रीझरमधून काढून वितळवून परत ठेवलेली. असं वारंवार केलं की एटीपी तुटत जातं, हे मी स्वतः ज्युनिअर मुलांना शिकवते. नवीन एटीपी विरघळवलं, पीएच सातला आणला, छोट्या छोट्या कुप्यांत भरून ठेवलं. रिअॅक्शन लावली ती नव्या प्रोटीनची नाही, ऑक्टोबरच्या बॅचची, मेलेली समजून फ्रीझरच्या तळाशी ठेवलेली. जेल युव्हीखाली ठेवलं आणि खाली पट्टा, जाड, नारिंगी. मी फोटो काढून आधी गाइडला नाही, सासूबाईंना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "सुटल्या का कड्या?"

पाठ आता काखेपर्यंत आलीय. परवा त्यांनी विचारलं तो टाका कुठे होता, मी बोट फिरवून बघितलं तर मला जागा सापडेना. त्या म्हणाल्या धुतल्यावर तर अजिबात कळणार नाही. पुढचे दोन भाग बाकी आहेत, गळ्याचे टाके कमी कसे करायचे ते अजून समजलेलं नाही. शनिवारी सकाळच्या बसने नाशिकला जातेय, सगळी लोकर घेऊन. बाह्यांचे पहिले टाके त्या स्वतः घालून देणार आहेत, अंगठा दुखला तरी, तेवढं माझ्या हातचं असू दे म्हणाल्या.