बंब कोरडा पेटवू नये

आषाढातल्या एका सकाळी, रात्रभर धरलेल्या पावसात गेलेली वीज उजाडले तरी आली नाही आणि भिंतीवरचा गिझर नुसता शोभेला उरला, तेव्हा मी माळ्यावरचा तांब्याचा बंब खाली काढला. बेळगावात आमच्या वडगावकडच्या जुन्या घरांतून असे बंब अजून आहेत. कुठे ते घासूनपुसून दिवाणखान्यात मांडले आहेत, कुठे त्यांत झाड लावले आहे. आमचा मात्र दर पावसाळ्यात चार-दोन दिवस कामाला येतो. मधल्या नळकांड्यात करवंट्या आणि शेणीचे तुकडे टाकले, वर दोन ओलसर ढलपे ठेवले आणि डोळ्यांत धूर घेत तिथेच पाटावर बसून राहिलो.

बंबाची रचना मोठी शहाणपणाची आहे. आग मधोमध उभ्या नळीत, तिच्या भोवती पाणी, खाली जाळी, जाळीखाली राख आणि बाजूला तोटी. आगीची धग कुठल्याही बाजूने बाहेर जायला निघाली तरी वाटेत तिला पाणी भेटतेच. त्या दिवसांत मी अणुसंमीलनाविषयी, म्हणजे आपली वर्तमानपत्रे ज्याला ‘कृत्रिम सूर्य’ म्हणतात त्या उद्योगाविषयी, बरेच वाचत होतो, आणि धूर निवळून नळीत लाल जाळ दिसू लागला तेव्हा ध्यानात आले की फ्रान्समध्ये सात भागीदारांनी मिळून जे अवाढव्य यंत्र उभारायला घेतले आहे ते आणि हा आजीचा बंब यांचा आराखडा मुळात एकच आहे. मधोमध आग, भोवती उष्णता झेलणारे आवरण आणि तळाशी राख काढण्याची सोय. त्या आवरणाला तिकडे ब्लँकेट म्हणतात. ते यंत्र आमच्याकडे घडले असते तर त्याला वाकळ म्हटले गेले असते.

‘कृत्रिम सूर्य’ हा शब्द मला मात्र पटत नाही. सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनची केंद्रके एकमेकांत मिसळून हेलियम बनते आणि त्यातून ऊर्जा सुटते हे खरे, पण सूर्य हे काम अत्यंत आळसाने करतो. त्याच्या गाभ्यातल्या एक घनमीटर ऐवजातून जेमतेम 300 वॅट उष्णता निघते, तर आमचा बंद पडलेला गिझर चालू असताना 2000 वॅट देतो. सूर्याचा प्रताप त्याच्या आकारात आहे. तेवढ्या प्रचंड वस्तुमानाच्या भाराने गाभा दाबून धरलेला असतो, म्हणून 1.5 कोटी अंशांवरही त्याचे भागते. पृथ्वीवर तो भार आणायचा कुठून? त्यामुळे आपल्याला हायड्रोजनची दोन जड भावंडे, ड्युटेरियम आणि ट्रिटियम, घेऊन तापमान दहापट, म्हणजे 15 कोटी अंशांपर्यंत चढवावे लागते. इतका तापलेला वायू, ज्याला प्लाझ्मा म्हणतात, कुठल्याही भांड्यात ठेवता येत नाही. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी 1950 च्या दशकात त्यासाठी कंकणाच्या आकाराचे टोकामाक नावाचे यंत्र काढले. त्यात प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्राच्या जोरावर भिंतीला न टेकता अधांतरी फिरत राहतो, आणि थोडा जरी डळमळला तरी क्षणात विझतो. बंबाच्या आगीची भीती पसरण्याची असते. ही आग टिकत नाही हेच तिचे दुखणे आहे आणि तीच तिची सुरक्षितताही.

हे सगळे किती वर्षे चालले आहे ते पाहावे. ऑगस्ट 1955 मध्ये जिनिव्हाला अणुऊर्जेच्या शांततामय उपयोगांवर पहिली मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिचे अध्यक्ष होते होमी भाभा, आणि येत्या दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा ताब्यात आणण्याचा मार्ग सापडेल असे भाकीत त्यांनी तिथे केले. त्याच वर्षी राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला आणि 1 नोव्हेंबर 1956 पासून बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. म्हणजे हे दोन्ही प्रश्न जवळजवळ जुळे आहेत. आमच्या प्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि संमीलनाची वीज ‘अजून तीस वर्षांनी’ येणार हा जगभरच्या शास्त्रज्ञांचा जुना विनोद आहे. लवकरच, लवकरच म्हणत तीन पिढ्या कशा जातात हे सीमाभागातल्या माणसाला शिकवावे लागत नाही, म्हणूनच की काय, या विषयाबद्दल मला चीड येण्याऐवजी एक प्रकारचा घरोबा वाटतो.

तरी नुसता विनोद करून सोडून द्यावे असेही आता राहिलेले नाही. मी माझ्यापुरता एक हिशेब मांडला आणि त्यासाठी एकक म्हणून अंघोळीची बादली घेतली. 15 लिटर पाणी 25 अंशांनी तापवायला सुमारे 1.6 मेगाज्यूल उष्णता लागते. 5 डिसेंबर 2022 रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत 192 लेसर किरण इंधनाच्या एका बारीकशा गोळीसाठी एकवटले गेले, 2.05 मेगाज्यूल आत गेले आणि 3.15 बाहेर आले. जाळापेक्षा धग जास्त निघाल्याची ही पहिली नोंद. आमच्या मापाने सव्वा बादलीच्या बदल्यात दोन बादल्या. पण ते लेसर चालवायला वीज लागली सुमारे 300 मेगाज्यूल, म्हणजे दोन बादल्या कढत पाण्यासाठी जवळजवळ एकशे नव्वद बादल्यांचे जळण. इंग्लंडमधल्या ‘जेट’ या टोकामाकने 2023 मध्ये, बंद होण्याआधीच्या शेवटच्या प्रयोगांत, 0.2 मिलिग्रॅम इंधनातून 69 मेगाज्यूल काढले. पाच-सहा सेकंदांत आमच्या अख्ख्या गल्लीच्या अंघोळी होतील एवढी ती उष्णता आहे, मात्र त्याहून अधिक उष्णता आधी आत घालावी लागली होती. फेब्रुवारी 2025 मध्ये फ्रान्सच्या ‘वेस्ट’ या यंत्राने प्लाझ्मा 1337 सेकंद, म्हणजे बावीस मिनिटे, टिकवून धरला. आनंदाची गोष्ट आहे. पण खाली कारवारकडे, काळी नदीच्या काठी, कैगाचा अणुविभाजनाचा, म्हणजे संमीलनाच्या उलट अणू फोडून चालणारा, पहिला संच 2018 च्या अखेरीस सलग 962 दिवस चालून थांबला होता आणि तो त्या वेळचा जागतिक विक्रम होता. माणसांना वीज हवी असते ती अशी. अंगाला साबण लावल्यावर बंद पडणारी वीज आमच्याकडे आधीच आहे.

माझा भाचा उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत भट्टीवर असतो. त्या सकाळी तो आमच्याकडेच होता, आणि मी त्याला पंधरा कोटी अंशांची गोष्ट मोठ्या रंगात सांगितली. त्याने चहाची बशी खाली ठेवून विचारले, “मामा, किती डिग्री ते ऱ्हाऊ दे. लायनिंग किती हीट टिकतंय ते सांग बगू.” बेळगावच्या फाउंड्रीत वितळलेले लोखंड जेमतेम 1400-1500 अंशांचे असते, पण तिथेही रोजची चिंता लोखंड वितळेल की नाही याची नसते. भट्टीचे आतले अस्तर किती ओतण्यांपर्यंत तग धरेल, ते कधी फोडून नवे भरावे लागेल आणि त्या दिवसात किती माल बुडेल, यावर धंद्याचा नफातोटा ठरतो. भाच्याने एका वाक्यात ज्या जागी बोट ठेवले तीच संमीलनाची खरी दुखरी जागा आहे. ड्युटेरियम आणि ट्रिटियम मिसळले की सुटलेल्या ऊर्जेचा चार पंचमांश भाग न्यूट्रॉन घेऊन जातो. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसल्यामुळे चुंबक त्याला अडवू शकत नाही. तो सरळ भिंतीत घुसतो, धातूच्या आतले अणू जागचे हलवतो, तिथे वायूचे सूक्ष्म बुडबुडे तयार करतो, आणि हळूहळू पोलाद ठिसूळ होते व स्वतःही किरणोत्सारी बनते. आतल्या भिंतीसाठी टंगस्टन निवडले जात आहे, कारण ते 3422 अंशांपर्यंत वितळत नाही, पण वर्षानुवर्षे असा मारा सोसल्यावर त्याचे काय होते हे पाहायला तसा मारा करणारी भट्टीच अजून कुठे नाही.

राखेचे तेच. हेलियम ही या आगीची राख, आणि ती प्लाझ्मातच साठत गेली तर आग कोंदटते. म्हणून टोकामाकच्या तळाशी डायव्हर्टर नावाची सोय असते. यंत्रातला सर्वांत कडक मार सोसणाऱ्या भागांत हा तळ मोडतो, आणि हे वाचताना मला आमच्या बंबाची जाळी आठवली. बंबाला पोचे पडले, तोटी दोनदा बदलली, तरी तांबे पणजोबांच्या वेळचे आहे. जाळी मात्र मी स्वतःच चार वेळा नवी बसवली आहे.

जळणाचे म्हणाल तर अर्धी गोष्ट फार चांगली आणि अर्धी अवघड आहे. ड्युटेरियम पाण्यातच असते. एका बादलीत सुमारे अर्धा ग्रॅम. त्याला जोडीला पाऊण ग्रॅम ट्रिटियम मिळाले, तर निघणाऱ्या उष्णतेच्या एक तृतीयांशाची वीज झाली असे धरूनही महिन्याला शंभर युनिट वापरणारे घर कागदावर तीसेक वर्षे चालेल. पण ट्रिटियम निसर्गात जवळजवळ नाही. दर 12.3 वर्षांनी ते निम्मे होते, जगातला वापरण्याजोगा साठा वीस-तीस किलोंचा आहे आणि तोही मुख्यतः कॅनडातल्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतून जमवलेला. याउलट हजार मेगावॅट उष्णता देणाऱ्या संमीलनाच्या एका भट्टीला वर्षाला पन्नास किलोहून अधिक ट्रिटियम लागेल. उपाय असा की भोवतीच्या त्या वाकळेत लिथियम भरायचे, म्हणजे त्यावर न्यूट्रॉन आदळून नवे ट्रिटियम तयार होईल. आजी रात्री चुलीतला विस्तव राखेत पुरून ठेवायची आणि सकाळी त्याच निखाऱ्यावर चूल पेटायची. ज्या घरचा विस्तव विझे त्या घरची सून करवंटी घेऊन शेजारी मागायला जाई. इथे शेजारी कोणी नाही. आजच्या आगीने उद्याचा निखारा स्वतःच राखला पाहिजे, आणि जळाले त्यापेक्षा थोडा अधिकच, कारण वाटेत गळती होणारच. हे काम पुऱ्या प्रमाणात अजून एकाही यंत्राने करून दाखवलेले नाही. लेसरच्या आकड्यांवर टाळ्या वाजवणारे या निखाऱ्याबद्दल फारसे बोलत नाहीत, ही माझी तक्रार आहे.

फ्रान्समधल्या त्या यंत्राचे, ‘इटर’चे, ध्येय 50 मेगावॅट देऊन 500 मेगावॅट काढण्याचे आहे. त्यात भारतही भागीदार आहे. सगळे यंत्र ज्याच्या पोटात बसते ते सुमारे 30 मीटर उंचीचे आणि 3850 टन वजनाचे पोलादी पात्र गुजरातेत हजिऱ्याला घडवून तुकड्यातुकड्यांनी जहाजावरून गेले, आणि गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत ‘आदित्य’ हा आपला छोटा टोकामाक 1989 पासूनचा आहे. पण इटरच्या 2024 मध्ये बदललेल्या वेळापत्रकानुसार ड्युटेरियम-ट्रिटियमचे खरे प्रयोग 2039 ला सुरू व्हायचे आहेत, आणि गंमत म्हणजे त्या यंत्राला वीज तयार करायची सोयच ठेवलेली नाही. दर सेकंदाला तीनशे बादल्या पाणी तापेल आणि अंघोळ कोणीच करणार नाही. ती सगळी उष्णता मनोऱ्यांतून हवेत सोडून देणार. काही खासगी कंपन्या नव्या जातीचे अतिवाहक, म्हणजे विजेला अडथळा न करणारे, चुंबक वापरून लहान आणि लवकर होणारी यंत्रे बांधत आहेत. त्यांच्या तारखा माझा विश्वास बसण्यापेक्षा अलीकडच्या आहेत, तरी त्यांचा उतावीळपणा मला उपयोगी वाटतो. माझा स्वतःचा अंदाज असा की आग टिकवण्याचे काम भाच्याच्या हयातीत नक्की जमेल. अस्तर, राख आणि निखारा यांचे काम त्याच्या मुलांच्या वाट्याला येईल.

लहानपणी एकदा शाळेच्या घाईत मी बंबात पाणी आहे की नाही हे न पाहता काडी ओढली होती. जाळ झकास लागला, नळीतून वर आला, मी खूश होऊन पाहत राहिलो, आणि थोड्या वेळाने खालचा सांधा सुटून तांबे काळेनिळे झाले. आजी धावत आली. “बंब पेटवूलास की घर जाळूलास?” असे ओरडून तिने राखेची पाटी आगीवर उपडी केली. पुढे तांबटाकडून डाग देऊन आणेपर्यंत आठ दिवस घरातल्या सगळ्यांनी चुलीवरच्या पातेल्यातले पाणी घेतले आणि माझ्या वाट्याला गार पाणी आले.

“उकळूलंय बग,” भाचा न्हाणीघराच्या दारातून म्हणाला. मी बादली तोटीखाली सरकवली, बंबाचे झाकण काढून गार पाण्याच्या दोन कळश्या वर ओतल्या, मग जाळीखालची राख सळीने पुढे ओढली.