जागा माझ्या टीममधली, मग माणूस कोण शोधणार?

टीममधला एक जण नोकरी सोडून गेला. त्याच्या जागी माणूस घ्यायला मंजुरी मिळाली, तेव्हा मी एचआरला दोन ओळींचा मेल टाकला : 'जुनी जेडी सोबत आहे. जरा लवकर बघा.' (जेडी म्हणजे जॉब डिस्क्रिप्शन, कामाचं वर्णन आणि त्यासाठीच्या अटी.) आणि सुटले म्हणून कामाला लागले. सिस्टिममध्ये 'हायरिंग मॅनेजर' म्हणून माझं नाव लागलं होतं, पण माझ्या लेखी त्याचा अर्थ शेवटी अर्धा तास मुलाखत घेऊन हो किंवा नाही म्हणायचं, एवढाच होता.

दुसऱ्या दिवशी रिक्रूटर, म्हणजे एचआरमधला भरतीचं काम पाहणारा, जेडीची प्रिंट घेऊन माझ्या टेबलाशी येऊन बसला. प्रिंटवर पेनाने बऱ्याच खुणा केलेल्या.

"मॅडम, यात चौदा गोष्टी 'आवश्यक' आहेत. यातली कुठली नसेल तर तुम्ही खरंच त्या माणसाला परत पाठवाल?"

मी वाचायला लागले आणि ओशाळले. त्यातलं एक सॉफ्टवेअर वापरणं आम्ही केव्हाच बंद केलं होतं. 'किमान पाच वर्षांचा अनुभव' कशासाठी, हे मलाच सांगता येईना. सोडून गेलेल्या मुलाला घेतलं तेव्हा त्याचा अनुभव दोनच वर्षांचा होता! मग रिक्रूटरने विचारलं, "सहा महिन्यांनी हा माणूस काय करताना दिसला, तर तुम्ही म्हणाल की निवड बरोबर होती?" बराच वेळ विचार करून मी म्हणाले, चिडलेल्या ग्राहकाच्या लांबलचक मेलमधला खरा मुद्दा त्याने हेरावा आणि असं उत्तर द्यावं की ग्राहकाला पुन्हा मेल करावा लागू नये. चौदाच्या चार अटी झाल्या.

पहिल्या खेपेला सहा रेझ्युमे आले. मी तिमाहीच्या रिपोर्टात बुडालेली, नऊ दिवस फाइल उघडलीच नाही. उघडली तेव्हा त्यातला सगळ्यात चांगला उमेदवार दुसरीकडे होकार देऊन मोकळा झाला होता. रिक्रूटर काही बोलला नाही, फक्त त्या उमेदवाराचा मेल मला फॉरवर्ड केला. तेव्हापासून रेझ्युमेवर दोन दिवसांत उत्तर, आणि नकार असेल तर त्याचं कारण, हे मी ठरवून टाकलं. नुसतं 'जमणार नाही' कळवलं तर त्या बिचाऱ्या रिक्रूटरला काय कळणार? पुढचे रेझ्युमेही तसेच येतात.

मुलाखतींत मी आणखी एक धडा घेतला. एक उमेदवार इतका छान बोलला, की अर्धा तास कधी संपला कळलं नाही. मी त्याला सगळ्या रकान्यांत पाचपैकी पाच दिले, 'लेखी संवाद' या रकान्यातही. त्याने लिहिलेलं एक अक्षरही मी पाहिलं नव्हतं! एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने 1920 मध्ये नेमकं हेच दाखवलं होतं : लष्करी अधिकारी हाताखालच्या लोकांना गुण देताना एका गोष्टीवर भाळले, की बाकीच्या बाबतींतही चढेच गुण देतात. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या अधिकाऱ्यांच्या रांगेत मीही जाऊन बसले होते.

मग पद्धत बदलली. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि चांगलं उत्तर कशाला म्हणायचं ते आधी लिहून ठेवलेलं. 1998 मध्ये श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी उमेदवार निवडायच्या पद्धतींवरचं 85 वर्षांचं संशोधन एकत्र मांडलं, त्यात अशी आखीव मुलाखत मोकळ्या गप्पांपेक्षा बरीच भरवशाची ठरली होती. 2022 मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी ती गणितं पुन्हा तपासली. बऱ्याच पद्धतींचे आकडे खाली आले, पण आखीव मुलाखत यादीत सगळ्यात वर राहिली. खरं सांगायचं तर अशी मुलाखत घ्यायला कंटाळा येतो. चौथ्यांदा तोच प्रश्न विचारताना आपलाच आवाज नको होतो.

त्याला जोडून एक छोटं काम दिलं : नावगाव काढून टाकलेला एका जुन्या तक्रारीचा मेल, आणि उत्तर लिहायला चाळीस मिनिटं. छान बोलणाऱ्याने गोड, गुळगुळीत उत्तर लिहिलं. मुलाखतीत तुटक बोललेल्या एका मुलीने पहिल्याच ओळीत लिहिलं, 'आपल्या मेलमध्ये खरेदीच्या दोन वेगवेगळ्या तारखा आहेत. त्यांतली बिलावरची कोणती?' ती तक्रार आमच्याकडे आली होती, तेव्हा ते कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. माझ्याही.

मुलाखती घेणाऱ्या आमच्या पॅनलच्या बैठकीआधी प्रत्येकाने गुण लिहून पाठवायचे आणि मी सगळ्यात शेवटी बोलायचं, असं रिक्रूटरने बजावलं होतं. एकाचं म्हणणं पडलं, "ती आपल्या टीममध्ये मिसळेल असं वाटत नाही." मी विचारलं, कशावरून? त्याला कारण सांगता आलं नाही. या 'मिसळण्या'च्या नावाखाली आपण आपल्यासारखीच माणसं गोळा करत जातो, असं माझं मत झालंय. निर्णय माझा होता, मी तिचं नाव दिलं. छान बोलणाऱ्याला नकाराचा फोन मीच केला. पाच मिनिटांचा फोन, पण त्याआधी दोनदा पाणी प्यायले.

पगाराचं एचआरने पाहिलं. ऑफर गेल्यावर मात्र नोटीस पीरियडभर मी तिला अधूनमधून फोन करत राहिले. जुनी कंपनी पगार वाढवून थांबवून घेते, ते याच दिवसांत. तिलाही तसं विचारलं गेलं, आणि ते तिने स्वतःहून मला सांगितलं.

जॉइनिंगच्या आदल्या दिवशी लॅपटॉपची चौकशी केली, तर मागणीच गेलेली नव्हती. ती मी करायची होती! संध्याकाळपर्यंत आयटीच्या मागे लागून एक जुना लॅपटॉप मिळवला.

तिसऱ्या दिवशी तिचा मेल आला : 'आपल्या ठरावीक उत्तराच्या नमुन्यात तक्रार मिळाल्याची तारीखच नाही. मुद्दाम ठेवली नाहीये का?'