तीन पेन्सचं लोणी

मंगळवार, रात्रीचे ११

कामावरून आल्यावर १५९५ सालच्या लंडनबद्दल वाचत बसलो, जेवण गार झालं. शिकाऊ पोरांच्या दंगली म्हणजे टवाळकी, असंच मी धरून चाललो होतो. तशाही झाल्या, १६१७ साली त्यांनी ड्रुरी लेनमधलं कॉकपिट नाटकघर फोडलं.

पण १५९५ च्या जूनमधली गोष्ट वेगळी आहे. पिकं बुडालेली, महागाई भडकलेली. मालकांनी पोरांना बिलिंग्सगेटच्या धक्क्यावर मॅकेरल आणायला धाडलं, आपल्या बांगड्याच्याच कुळातली मासळी. धक्क्यावर काहीच शिल्लक नव्हतं, कोळणींनी सगळा माल आधीच उचललेला. पोरं त्यांच्या मागोमाग साउथवर्कला गेली, मासळी ताब्यात घेतली आणि मेयरने ठरवून दिलेल्या भावाने पैसे मोजले. लुटली नाही, पैसे दिले! लोण्याचंही तेच. विकणारे रतलाला ५ पेन्स मागत होते, पोरांनी ३ पेन्स दिले.

आयटीआयनंतर मी वर्षभर शिकाऊ उमेदवार होतो. मिस्त्री मोजके पैसे देऊन बाजारात पिटाळायचे. भाव वाढलेला दिसला की पोटात गोळा यायचा, परत जाऊन सांगायचं काय? मी निदान संध्याकाळी घरी जायचो. ती पोरं मालकाच्याच घरात राहायची, किमान ७ वर्षं, लंडनमध्ये तर चोविशी गाठेपर्यंत. लग्नालाही मनाई.

२७ जूनला लोण्याच्या प्रकरणातल्या पोरांना फटके मारून खोड्यात अडकवलं. मग मात्र ठिणगी पडली. चीपसाइडचे खोडे उखडले गेले, मेयर जॉन स्पेन्सरच्या दारासमोर फाशीचा खांब उभा राहिला. २९ जूनला टॉवर हिलवर हजारभर लोक जमले, पहारेकऱ्यांवर दगड आले. दगडफेकीचं समर्थन मी करणार नाही. पण सरकारने त्याला थेट राजद्रोह ठरवलं आणि २४ जुलैला पाच जणांना टॉवर हिलवरच फाशी देऊन त्यांच्या देहाचे तुकडे केले. भाव मेयरचाच होता. तो पाळला जातोय का हे बघणं मेयरचं काम होतं, पोरांचं नव्हे. हे काही केल्या डोक्यातून जात नाही.

आईचा फोन आला तेव्हा तिला हेच सांगत बसलो. तिने मध्येच विचारलं, "पण पैसे दिले होते ना रे पोरांनी?"

दिले होते गं, मोजून.