पांढरी रेघ

ठाण्यात फिशटँक बनवायचे आणि दवाखाने, ऑफिसं इथल्या टँकांची देखभाल करायची, हा माझा धंदा. जुना टँक मी सहसा घेत नाही. काच म्हातारी होत नाही, काचा जोडणारं सिलिकॉन होतं, आणि ते किती झालंय ते वरवर पाहून कळत नाही. पण एका डेंटिस्ट मॅडमना वेटिंग रूमसाठी मोठा टँक हवा होता, बजेट तोकडं होतं, आणि त्याच आठवड्यात मुलुंडहून एका काकांचा फोन आला. ६ बाय २ बाय २ फूट, १२ एमएमची काच, दोन वर्षं रिकामा. "घेऊन जा हो. आमची ही आता त्यात गोधड्या ठेवायला लागलीय."

गोधड्या बाजूला करून पाहिलं. काच कुठे उडालेली नाही, तडा नाही. आतून चारी बाजूंनी साधारण फुटभर उंचीवर क्षारांची पांढरी रेघ, चुना ओढल्यासारखी जाड. "गळत वगैरे नाही ना?" "सात वर्षांत थेंब नाही!" रेघ बघून माझ्या डोक्यात एवढंच आलं, की घासायला दोन दिवस जातील. ९,००० ला सौदा झाला. नव्याचा हिशोब ३०,००० च्या पुढे जात होता, त्यामुळे मी खूश.

नुसत्या काचेचं वजन सव्वाशे किलोच्या आसपास. लिफ्टमध्ये बसेना, म्हणून तिसऱ्या मजल्यावरून पाच जणांनी जिन्याने उतरवला. प्रत्येक वळणावर मी एकच ओरडत होतो, "वरच्या पट्टीला हात लावू नका, बुडाखाली धरा!" त्या आडव्या पट्ट्या काच बाहेर फुगू नये म्हणून असतात, उचलायला नाही. छोट्या हत्तीत दोन गाद्या अंथरून टँक गोडाऊनला आणला.

क्षारांवर पेपर नॅपकिन चिकटवून व्हिनेगरने भिजवले आणि रात्रभर तसेच ठेवले. सकाळी ब्लेड काचेला जवळजवळ टेकवून आडवं चालवलं की क्षार पापडासारखे सुटतात. कोपऱ्यातलं आतलं सिलिकॉन काळं पडलं होतं. ते कापून नवं भरलं. (बाथरूमसाठी मिळतं ते बुरशी रोखणारं सिलिकॉन इथे चालत नाही, त्यातलं औषध माशांना बाधतं.) हे काम करताना समोरच्या काचेच्या उजव्या सांध्यात चिंचोक्याएवढा चंदेरी डाग दिसला. असा डाग म्हणजे तिथे सिलिकॉनने काच सोडलेली असते. मला हे माहीत आहे. पंधरा वर्षं हेच करतोय. तरी मनात म्हटलं, आतून नवी पट्टी मारलीय, चालून जाईल.

आठवडाभर सुकू दिलं. शनिवारी संध्याकाळी स्टँडवर थर्माकोल घातला, लेव्हल पाहिली, टँकच्या कडेने वर्तमानपत्रं लावली आणि पाणी सोडलं. ६ इंच, कोरडं. १२ इंच, कोरडं. १८ ला पोऱ्याला म्हटलं, चल, जेवून येऊ.

रात्री दहाला पाणी २२ इंचांवर आलं, तेव्हा उजव्या कोपऱ्यातल्या कागदावर एक अक्षर गडद झालं. मग शेजारचं. टपकत काहीच नव्हतं. शाई पसरावी तसा ओलावा ओळीवरून सरकत होता. बोट लावलं तर गार. पाच मिनिटांत सांध्यातून दोऱ्याएवढी धार लागली. पाइप टाकून जवळजवळ सहाशे लिटर पाणी मोरीत सोडत बसलो, पोऱ्या माझ्याकडे बघत नव्हता.

वेळ नव्हती, तरी काकांना फोन लावला. ते म्हणाले, "अहो, पूर्ण भरलात? आमच्या सेक्रेटरीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तिसऱ्या मजल्यावर एवढं ओझं नको. आम्ही अर्ध्याच्या वर कधी नेलंच नाही."

म्हणजे रेघ सगळं सांगत होती, आणि मी ती व्हिनेगरने पुसून टाकली होती. पाणी दुप्पट उंच झालं की समोरच्या काचेवरचा एकूण रेटा चौपट होतो. फुटभर पाण्याला या काचेवर साधारण ८५ किलोचा जोर, २२ इंचांना २८५ च्या घरात. काका खोटं बोलले नव्हते. मीच अर्धा प्रश्न विचारला होता.

रविवारी समोरची काच सोडवली. गिटारची बारीक तार सांध्यात घालून दोघांनी दोन टोकांनी करवतीसारखी ओढायची. सहा फुटांच्या सांध्याला दुपार गेली. ३३ किलोची काच सक्शन कपांनी उचलून आडवी ठेवली. चिंचोका आत पोहोचल्यावर हातभर लांब निघाला. जुनं सिलिकॉन कणभरही ठेवून चालत नाही, सुकलेल्यावर नवं धरतच नाही. ब्लेड, मग ॲसिटोन, परत ब्लेड. भरताना पंखे बंद. सिलिकॉनवर पाच-दहा मिनिटांत साय धरते, म्हणून दोघांनी सिलिकॉन भरायच्या दोन बंदुका घेऊन एका दमात ओढलं. व्हिनेगरचा वास नाकातून दोन दिवस गेला नाही.

दहा दिवसांनी पुन्हा भरला आणि काठोकाठ तीन दिवस ठेवला. कागद कोरडे. आता तो दवाखान्यात आहे, नुसतं पाणी आणि फिल्टर. मॅडम रोज विचारतात, मासे कधी? मी सांगतो, फिल्टरमध्ये माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू तयार व्हायला महिना लागतो, घाई केली तर मासे मरतील आणि शिव्या मलाच बसतील. या कामात मला सुटले किती, ते बायकोला सांगितलेलं नाही.

काकांना भरलेल्या टँकचा फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं: "छान. तळमजला आहे ना?"