सातेरीचा थवा पेटीत: आतापर्यंतची नोंद

थवा पेटीत आला आणि टिकला. सातेरी, म्हणजे पेटीत पाळता येणारी आपली देशी मधमाशी. ती पाळणाऱ्यांना माहीतच आहे, खरी कसोटी टिकवण्यात असते, म्हणून पकडण्याचं थोडक्यात आटोपतो.

थवा लटकला होता ती फांदी खांद्याच्या उंचीवर, त्यामुळे शिडी लागली नाही. वसाहत सोडताना माशा पोटात मध भरून निघतात आणि राखायला ना पिल्लं ना पोळं, म्हणून सहसा अंगावर येत नाहीत. तरी जाळी आणि हातमोजे घातलेच. (हा हिशेब आग्याला लावायला जाऊ नका. आग्या आणि फुलोरी या जातीच्या माशा उघड्यावर एकच पोळं बांधतात, पेटीत नांदत नाहीत.) पाण्याचा हलका फवारा, खाली टोपली, फांदीला एक झटका. बहुतेक थवा धपकन आत पडला. टोपली उलटी करून, एक कड दगडावर टेकवून, तिथेच सावलीत ठेवली.

मग राणी शोधायची का? मी शोधत नाही. टोपलीच्या कडेवर काही कामकरी माशा पोट वर करून पंख फडफडवू लागल्या. पोटाच्या टोकाशी एक फिकट पट्टी उघडी पडलेली दिसत होती, ती नासोनोव्ह ग्रंथी. तिचा वास गवती चहाच्या जवळचा, बाहेरच्या माशांना बोलावणारा. राणी बाहेर राहिली असती, तर आतल्याच माशा हळूहळू फांदीकडे परतल्या असत्या. इथे फांदीवरच्या खाली येत होत्या, विषय संपला.

घाई होती ती वेगळ्याच कारणाने. फांदीवर लटकलेल्या थव्याच्या घोसावर काही माशा नाचत होत्या, आणि हा नाच फुलांचा नव्हता. १९४९ साली मधमाश्यांचे जर्मन अभ्यासक मार्टिन लिंडाउअर यांना अशाच एका घोसावर काजळी-धुळीने माखलेल्या माशा नाचताना दिसल्या. त्या फुलांवरून आलेल्या नव्हत्या, नवं घर बघून आलेल्या होत्या. वेगवेगळ्या दिशा सांगणारे नाच एकाच दिशेवर जुळले की थवा उठायला वेळ लागत नाही.

संध्याकाळी टोपली पेटीत झटकली. पेटी आधीच कायमच्या जागी, पायांखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या, आणि आडवी-उभी नीट समतल. पोळं ओळंब्यात उतरतं. पेटी कलली की ते आतली लाकडी चौकट सोडून भलतीकडे जातं.

आता मुख्य मुद्दा. नव्या थव्याला धरून ठेवायला सगळ्यात भरवशाची गोष्ट म्हणजे उघड्या, म्हणजे झाकण न चढलेल्या, अळ्यांची एक चौकट. भरवायला पिल्लं दिसली की माशा सहजी घर सोडत नाहीत. ती मी दुसऱ्या वसाहतीतून दिली. तिथली राणी चौकटीवर नाही ना, हे पाहून माशा झाडून घेतल्या. थाई सॅकब्रूडची (अळ्या मारणारा विषाणूजन्य रोग) जरा जरी शंका असेल तर अशी चौकट नकोच.

क्वीन गेटवर (दारावरची जाळी, जिच्यातून कामकरी जातात पण राणी जात नाही) मात्र माझी भिस्त नाही. पहिल्या थव्यात जुनी, फळलेली राणी असते, पण मागाहून निघणाऱ्या थव्यांत कुमारी राणी असू शकते. तिला मिलनासाठी बाहेर उडावंच लागतं, आणि गेट नेमकं तेच अडवतं. शिवाय नर माशाही आत कोंडतात. म्हणून सुरुवातीला लावलं आणि लवकर काढलं.

साखरेचा पाक दिला तो एकास एक, साखर आणि पाणी सारखंच, तोही अंधार पडल्यावर. दिवसा दिला की शेजारच्या वसाहती लुटायला येतात.

राणी अंडी घालते आहे का, हे पाहताना एक पथ्य पाळा: दिलेल्या चौकटीतली अंडी पुरावा धरू नका, तिथे ती आधीच असू शकतात. नव्याने ओढलेल्या पांढऱ्या पोळ्यात पाहा. ऊन पाठीमागून घेऊन चौकट तिरकी धरली, तर पोळ्यातल्या घराच्या तळाशी एकेक अंडं उभं दिसलं, प्रत्येक घरात एकच. पुढच्या तपासणीत त्यांवर सपाट झाकणंही चढलेली होती, म्हणजे कामकरी पिलावा. सातेरीच्या नरांची झाकणं उंच आणि मधोमध बारीक छिद्र असलेली असतात. ती एवढ्यात तरी कुठे नाहीत.

माशा बसत नसलेलं जुनं पोळं काढून टाकलं, पोळं खाणाऱ्या मेणकिड्याला आयतं आमंत्रण नको. पाक चालू आहे. मधकोठी (मध साठवण्याचा वरचा कप्पा) आताच चढवणार नाही. खालच्या सगळ्या चौकटी माशांनी भरल्यावर बघू.