माथेरानची गाडी बघायला जाताय? दस्तुरीवर कुणाचंही ऐकू नका

"ट्रेन बंद आहे साहेब." वाहनं जिथपर्यंतच जातात त्या दस्तुरी नाक्यावर बाइक उभी केली नाही तोच पहिला आला. दुसरा म्हणाला, स्टेशन तीन किलोमीटर आहे, वाटेत नुसता चिखल. तिसऱ्याने घोड्याचा लगाम सरळ मुलीच्या हातात दिला आणि भाव सांगितला बाराशे. मी चालायला लागल्यावर आठशे, मग पाचशे. तेवढ्यात झाडीमागून इंजिनाचा भोंगा वाजला. बंद गाडीचा!

अमन लॉज स्टेशन नाक्यापासून पायी काही मिनिटांवर आहे. थांबू नका, पाटीही वाचत बसू नका, लोहमार्ग दिसेपर्यंत चालत राहा. या फसवणुकीला कंटाळून मार्च २०२५ मध्ये खुद्द माथेरानकरांनी गाव बंद ठेवलं होतं. मला तरी फरक दिसला नाही. घोडा हवाच असेल तर खुशाल घ्या, पण आधी स्टेशनात डोकावून.

आता इंजिनांचं. अमन लॉज ते माथेरान ही शटल पोराबाळांसाठी ठीक, वीसेक मिनिटांत संपते. इंजिनाचा कस लागतो तो पायथ्याच्या नेरळहून वर येणाऱ्या चढावर. पीरभॉय कुटुंबाने १९०४ ते १९०७ मध्ये बांधलेली ही दोन फूट रुंद रुळांची लाइन, चढ वीस फुटांमागे एक फूट. डबे मोजकेच, तरी एनडीएम-६ हे डिझेल इंजिन वळणावर असं काही गुरगुरतं की छातीत जाणवतं. आम्ही सकाळी बाइकने घाटात होतो. गाडी इतकी सावकाश चढते, की रस्ता रूळ ओलांडतो तिथे एकदा बघायची, किक मारायची, जुम्मापट्टी स्टेशनला पोचून चहा सांगायचा आणि पुन्हा बघायची. तिकिटाचा पैसा नाही. अख्ख्या दिवसातलं हेच वसूल! फक्त वळणावर बाइक आडवी लावू नका, टॅक्सीवाले तिथे ब्रेक लावत नाहीत.

पन्नाशीच्या दशकातलं जर्मन युंग कंपनीचं जुनं इंजिन एनडीएम-१ गाडीला लागेल या आशेवर मात्र येऊ नका. डब्याडब्यावर उभे राहून शिट्टीच्या इशाऱ्यावर हातब्रेक आवळणारे ब्रेकमनही आठवणीतच ठेवा. २०१६ मध्ये डबे घसरले, त्यानंतर एअर ब्रेक आले.

नेरळहून बसून जायचं असेल तर रविवार टाळा. सकाळच्या गाड्या दोनच, जागा थोड्या, आणि रांगेत तुमच्या पुढचा माणूस बारा जणांची तिकिटं काढतो. वेळा बदलत असतात, आदल्या दिवशी बघून घ्या.

माथेरानचे पॉइंट? बघितले. छान आहेत.

जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नेरळची गाडी बंद असते, तेव्हा चालते ती फक्त शटल. म्हणजे इंजिनांसाठी दिवाळीनंतर या. पावसाळ्यात यायचंच असेल तर धुकं आणि भजी यांच्यासाठी या.